पेटी आत, ढोलक बाहेर

मला एक सांगा, भरवसा कशावर ठेवावा? मालावर की माणसावर?

दिग्रसला बाजाराच्या रस्त्यावर माझं दोरखंड, ताडपत्री आणि बारदान्याचं दुकान आहे. शाळा लवकर सुटली, बाकीचं शिक्षण गल्ल्यामागं बसून झालं. एवढ्या वर्षांत इतकंच कळलं, की दोरी ओढून पाहता येते, ताडपत्रीवर पाणी ओतून पाहता येतं, माणसाचं तसं काही करता येत नाही. त्याला बसवावं लागतं, चहा पाजावा लागतो, त्याचं ऐकून घ्यावं लागतं. मग तो जाताना एखादा किस्सा ठेवून जातो. बारदाना निदान ऑर्डर दिल्यावर येतो. किस्से न मागवता येतात आणि दुकानभर साचतात!

त्यातले निम्मे बाजाराचे, निम्मे आमच्या चर्चचे. आज चर्चचे सांगतो. आमचं चर्च लहान, पत्र्याचं, पुढं ओटा आणि अंगण. गेल्या दोन हंगामांत तिथं एकच भांडण झालं, पण असं झालं की देवाला कोणाची उपासना चालते आणि कोणाची नाही, यावर पानठेल्यावरसुद्धा चर्चा व्हायची.

भांडण दोन सख्ख्या भावांचं. थोरला मनोहर चर्चमध्ये पेटी वाजवतो, म्हणजे हार्मोनियम. शिवाय तो चर्चचा पंच, म्हणजे कमिटीतला. धाकटा सुधाकर, तो ढोलक वाजवतो. दोघांची आई सगुणाबाई. दोघांची वावरं लागून, मधे फक्त एक धुरा, म्हणजे बांध. आणि भांडणाचं कारण? दही!

पण त्याआधी कोंबडा.

*

कापूस निघायला लागला की आमच्याकडं हंगामाचा सण असतो. ज्याच्या वावरात, परसात जे आलं, त्याचं पहिलं फळ देवापुढं आणायचं. कोणी कापसाचं गाठोडं आणतो, कोणी भोपळा, कोणी अंडी. उपासना झाली की अंगणात लिलाव. तो मी पुकारतो. पैसे चर्चला, माल घेणाऱ्याला आणि घसा माझा!

आमचे शामराव मामा एस.टी.त कंडक्टर होते. रिटायर झाले, पण प्रार्थनेतली ड्यूटी चालू आहे. मामा प्रार्थनेला उभे राहिले की गाडी यवतमाळहून सुटते. "हे प्रभू, यवतमाळच्या लोकांना आशीर्वाद दे. दारव्ह्याच्या लोकांना आशीर्वाद दे. दिग्रसच्या..." मधल्या विनंती थांब्यांसकट! डोळे मिटून माणसं उभी, मागं भाताचा वास सुटलेला, आणि मामांची गाडी घाटातून चाललेली.

एका वर्षी कोणीतरी अर्पणाचा कोंबडा पेटीखालच्या चौरंगाच्या पायाला बांधला होता. मामा म्हणाले, "पुसदच्या लोकांना..." आणि कोंबड्यानं मान ताणून अशी बांग दिली, की अख्ख्या चर्चनं एका सुरात म्हटलं, "आमेन!" आणि सगळे खाली बसले.

मामांनी डोळे उघडले. उमरखेड राहूनच गेलं.

सगुणाबाई बायांच्या बाजूनं म्हणाल्या, "कोंबड्याले समजलं बावा, किती पुरे ते!"

त्या वर्षी लिलावात सगळ्यात महाग कोंबडा गेला. मामांनीच घेतला. तो दुसऱ्या दिवशी ओरडला नाही.

*

आता दही.

आमच्या भागात पहिली वेचणी सीतादहीशिवाय लागत नाही. वेचणाऱ्या बाया वावराच्या कडेला पाच खडे मांडतात, हळदकुंकू लावतात, दही-भात ठेवतात आणि थोडं दही पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, शिंपडतात. कापूस दह्यासारखा पांढरा फुटावा, एवढंच मागणं.

मागल्या हंगामात सुधाकरच्या वावरात कौसल्याबाईची टोळी आली. कौसल्याबाई पलीकडच्या गावची. ती हो म्हणाली तर सगळ्या बाया येतात, नाही म्हणाली तर कापूस झाडावर राहतो. सुधाकरनं आपल्या रीतीप्रमाणं आधी प्रार्थना केली. बायांनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. आमेन झालं. मग कौसल्याबाई म्हणाली, "झालं तुमचं? आता आमचं करू द्या."

सुधाकरची बायको रेखा गडबडली. "मावशी, आमच्यात नाई करत ना हे."

"तुमच्यात नाई करत, पण येचून तं आम्ही राह्यलो ना! तुमच्या देवाले आम्ही हात जोडले का नाई? आम्ही इचारलं का, हे आमच्यात करते का म्हणून?"

रेखानं घरून दही आणून दिलं. घरच्या म्हशीचं, घट्ट!

हे सगळं मनोहरनं धुऱ्यावरून पाहिलं. संध्याकाळी तो घरच्या अंगणात उभा राहून म्हणाला, "सुधाकर, तुह्या वावराचं फळ या सालाले देवाले चालत नाई."

"देवानं सांगतलं, का तू?"

"मी पंच म्हणून सांगून राह्यलो. त्या दह्यानं वावर बाटलं."

सगुणाबाई तूर निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याच दह्याचं ताक तू सकाळी दोन गिलास पेला, मनोहर!"

*

चुलीपाशी जे हसण्यावारी जातं, ते चर्चच्या दारात जात नाही.

सणाच्या दिवशी दारात फळ उतरवून घ्यायचं काम मनोहरकडं. सुधाकर डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन आला. मनोहरनं हात आडवा केला. "हे बाहेर ठेव."

"बाहेर? कायले?"

"कायले ते तुले मालूम हाय."

आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, नगरकडचे, तरुण, नवीनच आलेले. ते हळूच म्हणाले, "अहो, आजचा दिवस जाऊ द्या. पुढं निवांत बसून बोलू." मी दुकानात पाहिलं आहे, भांडण नको म्हणणारी भली माणसंच भांडणाला गोडाऊन देतात.

सुधाकरनं गाठोडं बाहेर ओट्यावर ठेवलं. मग आत आला, खुंटीवरचा ढोलक काढला आणि परत बाहेर जाऊन गाठोड्याला टेकून बसला. "माह्यं फळ जिथं, मी तिथं."

उपासना सुरू झाली. पहिलं कडवं पेटीवर कसंबसं निघालं. दुसऱ्याला पुरुष एकीकडं, बाया एकीकडं. तिसऱ्याला शामराव मामा एकटेच उरले, आणि ते दुसरंच गाणं म्हणत होते! तेवढ्यात बाहेरून ढोलक वाजला. बस, सगळ्यांचे आवाज जागेवर आले. मनोहरनं भिंतीकडं तोंड केलं, पण बोटं बाहेरच्या ठेक्यावर चालायला लागली. भाऊ भावाशी बोलत नव्हता आणि समेवर मात्र दोघं बरोबर भेटत होते!

सगुणाबाई उठल्या आणि उंबरठ्यावर जाऊन बसल्या. पाय बाहेर, पाठ आत.

पाळकसाहेब म्हणाले, "आजी, आत तरी या, नाहीतर बाहेर तरी बसा. दारात का?"

"मले दोन पोरं हाय, साहेब."

*

ते वर्षभर तसंच चाललं. दर रविवारी पेटी आत, ढोलक बाहेर, आई दारात. उन्हाळ्यात सुधाकर डोक्याला दुपट्टा बांधून बसायचा. पावसाळ्यात मी माझ्या दुकानातली ताडपत्री ओट्यावर बांधून दिली.

मनोहरनं विचारलं, "हे कोनाच्या परवानगीनं?"

मी म्हणालो, "गिऱ्हाइकाच्या!"

शेवटी पाळकसाहेबांनी पंचांची बैठक बोलावली. पंच नसूनही मला बोलावलं, कारण चहा माझ्याकडून येतो. मनोहर तयारी करून आला होता. "शास्त्रात जगातल्या पहिल्या दोन भावांची गोष्ट हाय. एकाचं अर्पण देवानं घेतलं, एकाचं नाई घेतलं. म्हंजे देव माल पाहून घेते. खराब माल चालत नाई."

मी म्हटलं, "मनोहरभाऊ, ज्याचं घेतलं नाही, तो काय घेऊन गेला होता?"

"वावराचं पीक."

"आणि ज्याचं घेतलं?"

"मेंढरू."

"मग आपण सगळेच अडकलो की! इथं कापूस सोडून कोणाकडं काय आहे? मेंढरू असेल तर हात वर करा!"

सगळे हसले. मनोहर सोडून. पाळकसाहेब मात्र हसता हसता थांबले. म्हणाले, "तिथं एक गंमत आहे बघा. देवानं आधी त्या माणसाकडं पाहिलं, मग त्याच्या अर्पणाकडं, असा क्रम आहे. माणूस आधी."

"साहेब," मी म्हणालो, "मी उधारी देताना हेच करतो!"

मनोहर तापला. "दुकानदारी अन् उपासना एक नाई, भाऊ."

"नाही ना. मग उपासनेत वाटता त्या प्रभुभोजनाच्या भाकरीचा गहू कुठून आणता? माझ्या शेजारच्या दुकानातून. तो दर दसऱ्याला वजनकाट्यापुढं नारळ फोडतो. आजवर तुम्ही ती भाकर घेतली, तुम्हाला काही झालं?"

आता मनोहर उभाच राहिला. "ठीक हाय. या सालाले मी दाखवतो शुद्ध अर्पण कसं राहते ते. माह्या वावरात पहिली येचणी फक्त आपल्या चर्चचे लोक करतीन. दुसरा हात लागू देत नाई!"

शामराव मामांनी घाबरत विचारलं, "आपले लोक म्हंजे... आमी?"

*

म्हणजे आम्हीच!

त्या हंगामातली पहिली वेचणी ज्यांनी पाहिली, ते आजही दुकानापुढून जाताना मला पाहून हसतात. पाळकसाहेब उत्साहात सगळ्यांच्या पुढं, पण कापसाबरोबर अर्धं झाड उपटून आणत होते. मामा दर तासाच्या तोंडाशी प्रार्थनेला उभे राहायचे. तास म्हणजे पऱ्हाटीची ओळ हो, घड्याळाचा नाही. पण दोन्ही सारखेच लांबले. माझी कंबर दहा झाडांत गेली. बोंडांची टोकं बोटांत घुसत होती. आमच्यातल्या बायाही कोणी मास्तरीण, कोणी नर्स. वेचणी सवयीची कोणालाच नव्हती. सवय होती ती सुधाकर-रेखाला, आणि त्यांना बोलावणं नव्हतं.

दुपारी जेवढं निघालं, तेवढं मी आणि मनोहर जिनिंगच्या कारखान्यात दाखवायला घेऊन गेलो. तिथल्या माणसानं मूठभर उचलून उन्हात धरलं. पानं, काड्या, बोंडाची टरफलं. म्हणाला, "भाऊ, हा कापूस हाय का कुटार?"

"शुद्ध हाय," मनोहर म्हणाला.

"साफ नाई पण!"

आम्ही परत येईपर्यंत पश्चिमेकडं आभाळ भरून आलं होतं. व्हॉट्सअॅपवर पावसाचा इशारा फिरत होता. वावर फुटून पांढरं झालेलं, आणि चर्चचे लोक घरी जाऊन बोटांना हळद लावत बसलेले. पाणी पडलं असतं तर मनोहरचा वर्षाचा कापूस झाडावरच काळा पडला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहर वावरात गेला. मीही ताडपत्र्या घेऊन सोबत. पाहतो तर बांधाजवळ कौसल्याबाईची अख्खी टोळी उभी, कमरेला फडकी बांधून.

मनोहर म्हणाला, "तुमाले कोनी बलावलं?"

"सुधाकरभाऊनं. आज त्याची येचणी व्हती. तो म्हणे, आधी भावाचं उचला, त्याच्याकडे हात नाई."

"अन् त्याचं?"

"त्याचं त्यानं पाहावं म्हणे. तो अन् रेखाबाई दोघंच करून राह्यले."

मनोहर बराच वेळ धुऱ्यापलीकडं पाहत राहिला. पऱ्हाटीत दोन डोकी वरखाली होत होती. मग त्यानं अवघडून विचारलं, "दही आणलं असन तुमी."

"नाई आणलं," कौसल्याबाई म्हणाली. "तुमाले नाई चालत, तं या वावरापुरतं ऱ्हायलं. आमी इथं सांगतलं आमच्या देवीले, म्हटलं, माय, समजून घे. आता तुमची प्रार्थना करा लवकर."

बायांनी डोक्यावर पदर घेतले. मनोहरनं हात जोडले, डोळे मिटले. हा माणूस गेली कित्येक वर्षं दर रविवारी चर्चमध्ये उभा राहून धडाधड प्रार्थना करतो. त्या दिवशी त्याच्या तोंडून एक शब्द निघेना. बाया थांबल्या. वारा सुटला. तरी तो तसाच.

शेवटी कौसल्याबाईच म्हणाली, "आमेन! चला वं, आभाळ आलं!"

चारच्या सुमाराला पाणी आलं, तेव्हा मनोहरचा कापूस माझ्या ताडपत्रीखाली होता. सुधाकरचा निम्मा झाडावर भिजला.

*

आणि मग या वर्षीचा सण.

पत्र्याला पताका, पुढं भोपळ्यांची रांग, मागं मोठ्या पातेल्यात भात. मनोहरनं कौसल्याबाईला स्वतः जाऊन जेवायचं बोलावणं केलं होतं. ती आपल्या चार बाया घेऊन आली आणि सगळ्यात मागं, दाराजवळ टेकून बसली. जन्मात पहिल्यांदा चर्चमध्ये आली होती. एवढं स्वच्छ, आणि मूर्ती कुठंच नाही, म्हणून मान वळवून वळवून पाहत होती, आणि शेवटी पुढच्या पेटीवर नजर ठेवून बसली.

सुधाकर ओट्यावर, नेहमीच्या जागी. या वेळी गाठोडं लहान आणि कापूस पावसानं पिवळसर पडलेला. तो त्यानं दारापर्यंतही नेला नाही. आई उंबरठ्यावर. वर्षभरात आम्हाला त्याची सवय झाली होती, हीच खरी वाईट गोष्ट.

मनोहरनं आपलं गाठोडं टेबलापुढं ठेवलं. पांढराशुभ्र, एक पान नाही. पाळकसाहेबांनी वाचन केलं. तू अर्पण घेऊन आलास आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, असा तो भाग. त्यांनी वाचलं, पुस्तक मिटलं आणि खाली बसले. प्रवचन नाही! मागल्या वर्षी "जाऊ द्या" म्हणणारा माणूस या वर्षी गप्प राहून बोलला.

आता गाणं. सगळ्यांनी बसल्या जागी गाण्याची पुस्तकं उघडली. मनोहरची बोटं पेटीवर. सूर नाही. बाहेर ढोलक तयार, तोही गप्प. आम्ही तोंडं उघडून थांबलेले.

मनोहरनं भाता मिटला, खिट्टी लावली आणि पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलली. जुनी शिसवी पेटी, चांगली जड. मधल्या वाटेनं तो दाराकडं चालू लागला. दारात आई.

"कुठी चालला?"

"बाहेर."

"थांब मंग, सरकते मी."

सगुणाबाईंनी पाय आवरले. वर्षभरात पहिल्यांदा त्या उंबरठ्यावर एका बाजूला झाल्या.

मनोहर ओट्यावर सुधाकरसमोर बसला. माफी नाही, मिठी नाही. आम्ही बसल्या जागेवरून, खिडकीच्या गजातून पाहत होतो. सुधाकर ढोलकाची दोरी ओढत होता. वर न पाहता म्हणाला, "कोन्त्या पट्टीत?"

"तू सांगशीन त्या."

सुधाकरचा हात दोरीवर थांबला. लहानपणापासून मनोहरनं पट्टी कोणाला विचारली नव्हती. पेटी माझी, पट्टी माझी! सुधाकरनं मान वर केली, भावाच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाला, "काळी एक घे. काळी चारमंदी मामा लय वरडते."

आणि मग जे वाजलं! मी लग्नांचे बँड ऐकले, नागपूरचे डीजे ऐकले. तसं वाजणं मी ऐकलेलं नाही. पत्रे थरथरले. रस्त्यावरची एक बैलगाडी थांबली. आतून माणसं निघायला लागली, ओट्यावर मावेनात म्हणून अंगणात, अंगणात मावेनात म्हणून रस्त्यावर, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच कडवं. आत उरले पाळकसाहेब आणि भोपळे.

पाळकसाहेब खिडकीतून ओरडले, "अहो, मग मी एकटा इथं काय करू? टेबल धरा जरा!" मी एका बाजूनं धरलं, ते दुसऱ्या बाजूनं. टेबल अंगणात आलं. त्यावर एक पांढरं गाठोडं, एक पिवळसर. लिलावाला मी दोन्ही एकत्र पुकारली, कारण गाण्याच्या गर्दीत पोरांनी कापूस कधी एकमेकांत मिसळला, ते मलाच कळलं नाही.

आता एकच गोष्ट राहिली. त्या दिवशी आतून पहिलं कोण उठलं? आज दिग्रसमध्ये कोणालाही विचारा, तो म्हणेल मीच! शामराव मामा तर यवतमाळपर्यंत सांगत फिरतात.

पण मी दाराच्या बाजूला होतो. मी पाहिलं. पहिली उठली कौसल्याबाई. मनोहर पेटी उचलून दोन पावलं चालला असेल-नसेल, तोच ती उठली, डोक्यावर पदर घेतला, आपल्या बायांना उठवलं आणि त्याच्या मागं चालू लागली. नंतर जेवताना पाळकसाहेबांनी तिला भात वाढता वाढता विचारलं, "बाई, आम्ही सगळे बसून होतो. तुम्ही कशा उठलात?"

ती त्यांच्याकडं पाहतच राहिली.

"काहून? तुमचा देव उठून बाहेर चालला, अन् मानसानं बसून ऱ्हावं?"

तर हा किस्सा तुम्ही पुढं कोणाला सांगाल, तेव्हा हिशेब तेवढा सरळ ठेवा. पहिली कौसल्याबाई. मी नाही. मी तर शामराव मामांच्याही मागून उठलो.